जुना सर्व्हर बंद करण्याआधी

मार्च संपला, ऑडिटर चहा पिऊन गेले, की माझा फोन वाजायला लागतो. "नवीन सर्व्हर आलाय. जुन्यातलं सगळं त्यात घेऊन द्या. दोन तासांत होईल ना?" विचारणारे कधी पतसंस्थेचे व्यवस्थापक असतात, कधी शाळेतले क्लार्क, तर कधी सणसवाडीतल्या एखाद्या वर्कशॉपचे मालक. मी केंदूरचा. पाबळ, करंदी, शिक्रापूर, पुढं रांजणगावपर्यंत हीच कामं करत आलोय. इंजिनीअरिंगची पदवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथं वस्तू उघडून बघायची आणि हातानं काम करत शिकायची सवय लागली. बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं.

"दोन तास" हे उत्तर मी आता कुणाला देत नाही. कॉपीला किती वेळ लागेल ते गणितानं सांगता येतं. पण काय काय कॉपी करायचं, हे ठरायला किती वेळ लागेल ते नाही सांगता येत. जुन्या सर्व्हरमध्ये काय आहे हे कुणा एकाला पूर्ण ठाऊक नसतं, ज्याला त्याला आपापला कोपरा तेवढा ठाऊक असतो. त्यामुळं या कामात संगणकापुढं बसणं कमी आणि माणसांना विचारत फिरणं जास्त.

१. आधी विचारत फिरा, केबल नंतर लावा

पतसंस्थेचा सर्व्हर बहुतेक कॅश केबिनच्या मागं असतो. वर दसऱ्याच्या पूजेचा कुंकवाचा टिळा, खाली धूळ, बाजूला फुगलेल्या बॅटरीचा यूपीएस. आत डी ड्राइव्ह उघडला की 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'सचिव साहेब डेस्कटॉप', 'मार्च एंड फायनल', 'मार्च एंड फायनल खरं' आणि हमखास एक 'हे डिलीट करू नये'. या शेवटच्या फोल्डरमध्ये काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. ज्यानं नाव दिलं तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

मी साधी वही घेतो आणि एकेकाजवळ बसतो. व्यवस्थापक खतावणी आणि ठेवींचं सांगतात. ते सांगतात ते बरोबर असतं, पण अर्धं असतं. पिग्मी एजंट मशीन जोडतो तेव्हा त्याची फाइल कुठल्या फोल्डरात पडते, हे फक्त कॅशियर मॅडमना माहीत असतं. सोने तारण कर्जाचे फोटो वेगळ्याच जागी असतात. रोज संध्याकाळी आपोआप चालणारं एखादं काम असतं, ते कुणी कधी लावलं हे कुणी सांगू शकत नाही. ते टास्क शेड्युलरमध्ये जाऊन स्वतःच शोधावं लागतं. आणि शिपाई मामांना विसरू नका. कुठल्या प्रिंटरवर काय येतं आणि कुठला संगणक बंद केला की कोण ओरडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

२०२२ मध्ये केंद्र सरकारनं विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, सुरुवातीला ६३ हजार सोसायट्यांसाठी. तेव्हापासून जुनी किर्द नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचं काम गावोगाव निघालं. तिथंही हाच अनुभव. सॉफ्टवेअर शिकवणारी माणसं मिळतात. जुन्या नोंदीचा अर्थ सांगणारा एखादाच निवृत्त सचिव असतो, आणि त्याला घरी जाऊन भेटावं लागतं.

२. कुठला जुना, कुठला नवा, हे चिठ्ठी लावून ठेवा

हसू नका. ३१ जानेवारी २०१७ ला, जिची सेवा जगभर वापरली जाते त्या गिटलॅब कंपनीत रात्री उशिरा दमलेल्या इंजिनीअरनं एक डेटाबेस फोल्डर पुसलं. पुसायचं होतं दुय्यम सर्व्हरवरचं, पुसलं गेलं मुख्य सर्व्हरवरचं. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐनवेळी एकही धड चालली नाही. सहा तास आधी सहज म्हणून काढलेली एक प्रत निघाली, तिच्यावर निभावलं. कंपनीनं हे सगळं स्वतः जगजाहीर केलं, हा त्यांचा मोठेपणा.

मी जुन्या सर्व्हरच्या स्क्रीनची पार्श्वभूमी लाल करतो, नव्याची हिरवी, आणि दोन्ही डब्यांवर कागदी पट्टी चिकटवतो. कॉपी करणाऱ्या प्रोग्रामांपैकी रोबोकॉपीत 'एमआयआर' आणि आरसिंकमध्ये 'डिलीट' असे पर्याय आहेत. मूळ जागी जे नाही ते पोचत्या जागेवरूनही ते पुसून टाकतात. मूळ आणि पोचती जागा लिहिताना उलटापालट झाली, तर रिकामा नवा सर्व्हर भरलेल्या जुन्याला आपल्यासारखा रिकामा करतो. पहिल्या फेरीला हे पर्याय वापरायचेच नाहीत. आरसिंकमध्ये फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो, हेही आधी छोट्या फोल्डरवर करून बघावं. दोन्हीत नुसती यादी दाखवणारी रंगीत तालीम करता येते. ती केल्याशिवाय मी खरा हुकूम सोडत नाही.

३. चालू डेटाबेसची फाइल उचलू नका

काउंटरवर भरणा चालू आहे आणि मागं डेटाबेसची फाइल कॉपी होतेय, असं कधी करू नये. फाइलचा पहिला भाग अकरा वाजताचा आणि शेवटचा साडेअकराचा येतो. मधल्या अर्ध्या तासातल्या नोंदी अर्ध्या-मुर्ध्या राहतात. कॉपी पूर्ण झाली म्हणून संदेश येतो, आकारही जुळतो, आणि डेटाबेस उघडत नाही. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी तो उघडतो, अर्ध्या नोंदींसकट. डेटाबेसला स्वतःची बॅकअप काढायची सोय असते, तिनं काढावं, नव्या जागी रिस्टोर करावं. ती बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर नेणार असाल, तर आधी बघा तो कुठल्या फॉरमॅटचा आहे. फॅट ३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एकच फाइल त्यात मावत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना.

४. वेगाचं गणित कागदावर करा

एक टीबी माल गिगाबिट केबलवरून न्यायला, सगळं नीट असेल तर अडीच-तीन तास. मधे जुना १०० मेगाबिटचा स्विच असेल तर तोच माल अख्खा दिवस खातो. आमच्याकडं तो जुना स्विच असतोच, बहुतेक वेळा लाकडी कपाटाच्या मागं. म्हणून मी आधी कपाट सरकवतो.

दुसरी गोष्ट, शंभर जीबीची एक फाइल भरभर जाते. शंभर जीबीच्या लाखो बारीक फाइली, म्हणजे सह्यांचे नमुने, आधार कार्डांचे स्कॅन, रांगत जातात, कारण प्रत्येक फाइलीमागं उघडणं-लिहिणं-बंद करणं आलं. त्यांचा गठ्ठा बांधून नेला तर बराच वेळ वाचतो.

रोबोकॉपीची एक खोड सांगून ठेवतो. एखादी फाइल कुणी उघडी ठेवली असेल, तर रोबोकॉपी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. मूळ सेटिंगमध्ये दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून. म्हणजे एका एक्सेलच्या फाइलीसाठी जवळजवळ वर्षभर. रात्री लावून गेलेला माणूस सकाळी येतो तर कॉपी तिथंच. दोनदा प्रयत्न कर आणि पाच सेकंद थांब, एवढं आधीच सांगून ठेवावं.

आणि इंटरनेटवरून पाठवू का, असं विचारणाऱ्यांना मी दक्षिण आफ्रिकेतल्या कबुतराची गोष्ट सांगतो. सप्टेंबर २००९ मध्ये विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधून हॉविकहून डर्बनकडं सोडलं. ते पोचून माल उतरवून झाला, तोवर इंटरनेटवरून जेमतेम चार टक्के गेले होते. आपलं नेट आता बरंच सुधारलंय, पण शाखेतली दोन टीबीची डिस्क मोटारसायकलवरून शिक्रापूरला नेणं आजही नेटला भारी पडतं.

५. लाईट जाणार, हे धरूनच चाला

गावठाणाचा फीडर आणि शेतीपंपांचा फीडर वेगळे झाल्यापासून गावात वीज बरी असते. वळवाच्या पावसात मात्र काही सांगता येत नाही. तारेवर फांदी पडली की वायरमन भाऊ येईपर्यंत अंधार. संस्थेचा यूपीएस पंधरा मिनिटं धरतो असं सांगतात. बॅटरी तीन वर्षांपूर्वीची असेल तर पंधरा मिनिटं विसरा. कॉपी अशा पद्धतीनं लावा की तुटली तर तिथून पुढं चालू होईल. आरसिंक हे त्यासाठीच मला आवडतं. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते ऑस्ट्रेलियात लिहिलं, आणि दुसऱ्या खेपेला फक्त बदललेला भाग नेण्याची त्याची युक्ती आजही तशीच चालते. विंडोजवर रोबोकॉपीला 'झेड' पर्याय देऊन तुटल्या जागेवरून पुढं चालू करायचं काम भागतं.

रात्री माणूस बसवू नका. आमच्या शिरूर तालुक्यात बिबट्यांचं प्रमाण किती वाढलंय ते सगळ्यांना माहीत आहे. मध्यरात्री जनरेटर चालू करायला कुणाला अंगणात पाठवावं एवढं हे काम मोठं नाही. तुटू दे, सकाळी पुढं लावता येतं.

६. मराठी नावांची फाइल नीट तपासा

हे मला कुठल्या इंग्रजी पुस्तकात सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडं क्लार्क मंडळी फाइलीचं नाव म्हणजे पत्राचा विषय समजतात. एका नावाचा नमुना असा: 'वार्षिक सर्वसाधारण सभा सन २०१८-१९ विषयपत्रिका व मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे बाबत अंतिम दुरुस्त'. विंडोजवर हे नाव सुखानं राहतं, कारण तिथं २५५ चिन्हांपर्यंत मुभा आहे. लिनक्सवर मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे साधारण ८५ चिन्हं. त्यात काना, वेलांटी, मात्रा, पाय मोडायची खूण ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. 'वार्षिक' हा डोळ्याला तीन अक्षरांचा शब्द, संगणकाला सात चिन्हांचा. वरचं नाव २५५ बाइटच्या पलीकडं जातं आणि स्वस्तातल्या नेटवर्क डिस्कवर, जिच्या पोटात लिनक्सच असतं, ते कॉपीच होत नाही. हजारो फाइलींमधून अशा चाळीस-पन्नास गळतात आणि लॉग वाचला नाही तर कळत नाही. गळतात त्या नेमक्या सभेच्या इतिवृत्ताच्या, म्हणजे तंटा झाला की लागणाऱ्या.

दुसरी भानगड 'ऱ' ची. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांची' या शब्दांतला हा ऱ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकतर स्वतंत्र चिन्ह म्हणून, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. दिसायला फरक शून्य. पण लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसल्या, की लोक मला भुताटकी झाल्यासारखा फोन करतात. त्यातली जुनी कुठली ते तारखेवरून ठरवायचं आणि मगच हात लावायचा.

तिसरी आणि सगळ्यांत जुनी अडचण फाँटची. युनिकोड सर्रास होण्याआधीची पत्रं श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या फाँटात आहेत. फाइल कॉपी होते, एक बाइट इकडचा तिकडं होत नाही, आणि नव्या यंत्रावर उघडली की स्वल्पविराम, उद्गारचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. लोक म्हणतात फाइल खराब झाली. खराब काही झालेलं नसतं, फाँट जुन्या यंत्रातच राहिलेला असतो. जुन्या यंत्राचा फाँट फोल्डर वेगळा उचलून ठेवा. काही जुन्या मराठी सॉफ्टवेअरना मागं लावायचं कुलूप, म्हणजे डाँगल लागायचा. तो प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणारा असेल तर नव्या सर्व्हरला तसं भोकच नाही. अशा वेळी जुनं यंत्र चालू आहे तोवरच महत्त्वाची पत्रं पीडीएफ करून घ्यावीत. टॅलीवाल्यांनीही लक्षात ठेवावं, जुन्या यंत्रावरचं लायसन्स आधी सरेंडर करायचं, मग नव्यावर चालू करायचं.

७. दोन पिढ्यांचं बोलणं जुळत नाही

विंडोज सर्व्हर २००३ चा आधार कंपनीनं जुलै २०१५ मध्ये काढून घेतला. आमच्याकडं तो त्यानंतरही कितीतरी वर्षं चालला. हा जुना गडी ज्या बोलीत फाइली देतो-घेतो, त्या बोलीतल्या एका भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्यानंतर नव्या विंडोजमध्ये ती बोली मुळात बंदच येते. जुना-नवा शेजारी ठेवले तरी एकमेकांना दिसत नाहीत. ती बोली नव्या सर्व्हरवर परत चालू करा, असा सल्ला कुणीही देईल. करू नका. मधे एखादी डिस्क ठेवा, जुन्यातून तिच्यात, तिच्यातून नव्यात. एक फेरी वाढते, पण नवी खिडकी उघडी राहत नाही. त्या डिस्कवर आधी व्हायरस तपासणी करा, हे सांगायला नको.

८. हक्क फाइलीबरोबर आपोआप येत नाहीत

माउसनं ओढून टाकलेली फाइल नव्या जागेचे नियम पाळते. एका ठिकाणी कुणीतरी असंच ओढून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टाफला सगळ्यांचे पगार दिसत होते. त्यावरून झालेली भांडणं सर्व्हरपेक्षा जास्त टिकली.

९. शेवटी चावडी वाचन

सातबारा हस्तलिखितातून संगणकात आला, ती राज्यातली सगळ्यांत मोठी नक्कल म्हणायला हरकत नाही. ती जुळते का हे पाहायला २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. तलाठ्यानं वाचायचं आणि खातेदारांनी ऐकून सांगायचं, माझं क्षेत्र चुकलंय, आजोबांचं नाव राहिलंय, विहिरीची नोंद नाही. दुरुस्त्यांसाठी 'एडिट' झालं, मग 'री-एडिट' झालं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. एवढं करूनही महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचे अर्ज तहसीलला आजही येतात. ज्याची जमीन त्यानंच ओळखलं की नोंद चुकलीय. तलाठ्याला ती बरोबरच दिसत होती.

मी सर्व्हरचं असंच करतो. यंत्राकडून आधी तीन गोष्टी: फाइलींची संख्या, एकूण आकार आणि दोन्हीकडच्या फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तो जुळला की बाइट बरोबर आले. रोबोकॉपीचा शेवटचा आकडा आठच्या खाली असेल तर काम बिघडलेलं नाही, आठ किंवा वर असेल तर लॉग उघडून एकेक ओळ वाचायची. '१' आला म्हणून घाबरणारे बरेच भेटतात. त्याचा अर्थ फाइली कॉपी झाल्या, एवढाच.

मग माणसं. प्रत्येकाला त्याच्या खुर्चीवर बसवून त्याचं रोजचं काम नव्या सर्व्हरवर करायला लावतो. कॅशियर मॅडमनी भरणा घ्यायचा, पिग्मीची फाइल यायला हवी, पासबुक छापून बघायचं. पतसंस्थेत एकाच तारखेचं तेरीजपत्रक जुन्यातून आणि नव्यातून काढून शेजारी ठेवतो, पैशापर्यंत जुळायला हवं. शिवाय संस्था सुरू झाली तेव्हापासूनचे दोन-चार सभासद निवडून त्यांची खाती पहिल्या पानापासून उघडतो, कारण गडबड जुन्या वर्षांत लपते. एकदा व्यवस्थापक म्हणाले, "हॅश जुळलाय म्हणता, मग आता मॅडमना कशाला बसवता?" म्हटलं, "साहेब, आणलंय ते बरोबर आणलंय हे हॅशनं कळतं. काय आणायचं राहिलं ते मॅडमच सांगतील." पिग्मीचा फोल्डर त्याच दुपारी सापडला, तिसऱ्याच संगणकावर.

१०. जुन्याची घाई करू नका

मायस्पेस हे एकेकाळी जगातलं मोठं संगीताचं ठिकाण. सर्व्हर बदलताना त्यांनी २००३ ते २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी गमावली, सुमारे पाच कोटी. २०१९ मध्ये ही बातमी जगभर झाली. मूळ प्रत हाताशी असती तर ही वेळ आली नसती.

नवा सर्व्हर चालू झाला की जुन्याची नेटवर्क केबल काढा, पण यंत्र ठेवा. पुढचं ऑडिट होईपर्यंत तरी. त्यानंतर डिस्क काढून, तारीख लिहून, लॉकरमध्ये. कंपनी कायद्यानं हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. मुदत संपली तरी डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका. नुसतं क्विक फॉरमॅट केलं तर माल आत तसाच राहतो आणि सभासदांची आधार, पॅन, सह्या सगळं त्याच्या पोत्यात जातं. डिस्क पूर्ण पुसा, नाहीतर भोकं पाडा. आमच्याकडं ड्रिल मशीनला तोटा नाही.

आणि मार्च, जूनची कर्जवाटपाची गर्दी, दिवाळीच्या ठेवी, हे सोडून तारीख धरा. ऑगस्ट बरा. फोन करण्याआधी एवढं पाहून ठेवा: जुन्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकडं आहे, आणि तो माणूस अजून नोकरीत आहे का.